सीप्झच्या कुंपणातलं चर्च

उपनगरात राहणाऱ्या माणसाला इतिहास बघायचा असेल तर तो चर्चगेटची गाडी पकडतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विचित्र आहे असंसुद्धा कुणाला वाटत नाही. गावाहून पाहुणे आले की गेटवे, म्युझियम, व्हीटी, राजाबाई टॉवर... आणि मग दमून भागून परत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. म्हणजे इतिहास तिकडे आणि आपल्याकडे लोकलचं टाइमटेबल, मॉल आणि टू बीएचकेचे भाव.

आता गंमत बघा. राजाबाई टॉवर (१८७८) बांधला तो कुर्ल्याच्या दगडात. काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी (१८७०) जी पिवळी दिसते ती मालाडच्या दगडामुळे. म्हणजे ज्या इमारती बघायला आपण तासभर लटकत जातो, त्यांचा दगड आपल्याच बाजूच्या टेकड्या फोडून तिकडे गेलेला आहे. आपल्याकडे उरल्या त्या खाणी, आणि त्या खाणींच्या खड्ड्यांच्या काठानं पुढे वस्त्या झाल्या. तिकडच्या बिल्डिंगा मात्र जागतिक वारसा वगैरे झाल्या (व्हीटी २००४ मध्ये, ओव्हल मैदानाभोवतालच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये). तक्रार नाही, नुसती नोंद करून ठेवतोय.

पण उपनगराकडे स्वतःचं असं काही नाहीच का? आहे. भरपूर आहे, आणि बरंचसं फोर्टातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा जुनं आहे. फक्त ते अशा ठिकाणी आहे की आपण रोज शेजारून जातो आणि मान वर करत नाही, कारण बस चुकेल.

माझ्या लाडक्या उदाहरणापासून सुरुवात करतो. सीप्झ.

आयटीतल्या लोकांना सीप्झ काय आहे हे सांगायला नको. तरी इतरांसाठी : सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. स्थापना १९७३. नाव सांताक्रूझचं, जागा अंधेरी पूर्वेची. सुमारे शंभर एकरांचं कुंपण, गेटवर सुरक्षारक्षक, गळ्यात आयकार्ड असल्याशिवाय आत प्रवेश नाही. आत आधी इलेक्ट्रॉनिक्स, मग हिऱ्यांचे दागिने आणि सॉफ्टवेअर. परदेशी क्लायंटसाठी कोड लिहिणारी मराठी मुलांची एक अख्खी पिढी इथल्या कँटीनचा डोसा खाऊन मोठी झाली. आणि या सगळ्याच्या मधोमध, काचेच्या आणि सिमेंटच्या इमारतींच्या गर्दीत, एका पोर्तुगीज चर्चचा सांगाडा उभा आहे.

सांगाडाच. छप्पर नाही. दगडी दर्शनी भिंत, कमानी, खांब, आणि भिंतींच्या फटीफटीतून उगवलेली झाडं. पावसाळ्यात आत गवत माजतं. लंच टाइममध्ये एक चक्कर मारली तर पाच मिनिटांत बघून होतं, आणि बहुतेक जण तेवढंच बघतात. मोबाईलवर फोटो, "अरे हे कसलं काय आहे?", आणि परत क्युबिकलमध्ये.

हे कसलं काय म्हणजे सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलं आणि त्याच वर्षी संत योहानाच्या सणाला, म्हणजे २४ जूनला, लोकांसाठी उघडलं. जागा तेव्हाच्या कोंडिविटे गावाची.

१५७९ म्हणजे नक्की कधी, याचा अंदाज नुसत्या आकड्यावरून येत नाही. म्हणून थोडी मोजमाप करून बघू. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून ५१ वर्षं आहेत. दिल्लीच्या तख्ताचा मालक अकबर आहे आणि त्यानं बोलावलं म्हणून जेझुइटांचं पहिलं शिष्टमंडळ याच वर्षी गोव्याहून फत्तेपूर सिक्रीकडे निघालंय. मुंबईत एकही इंग्रज नाही. एक इंग्रज मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला : विल्टशायरमधल्या एका खेड्यातला टॉमस स्टीफन्स. तोही जेझुइट. त्यानं इथली भाषा इतकी आपलीशी केली की पुढे १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून आलं, चक्क मराठी ओवीत. त्याचं काम गोव्यातल्या साष्टीत होतं. आपलं उपनगर ज्या बेटावर आहे तेही साष्टीच! दोन्हीकडे नावाचं मूळ सहासष्ट गावं हेच सांगतात. इतिहास वाचताना या दोन साष्टींमध्ये भले भले गोंधळतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

तर ही आपली साष्टी पोर्तुगीजांना मिळाली ती १५३४ च्या वसईच्या तहात, गुजरातच्या बहादूरशहाकडून. मुंबईची बेटंही त्याच तहात गेली. पुढे मुंबई लग्नात आंदण म्हणून इंग्रजांना मिळाली हे शाळेत सगळे शिकतात. पण साष्टी आंदणात नव्हती. माहीमच्या खाडीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. म्हणजे वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंतचा सगळा प्रदेश जवळजवळ दोनशे वर्षं लिस्बनच्या राजाचा होता. 'सांताक्रूझ' हे नावच मुळात पोर्तुगीज, अर्थ पवित्र क्रूस. सीप्झच्या आयकार्डवर आपण ते गळ्यात घालून फिरतो आणि लक्षातही येत नाही :-)

या दोनशे वर्षांत इथल्या गावागावांतले कोळी, भंडारी, कुणबी आणि इतरही जातींचे लोक ख्रिस्ती झाले. कसे झाले याची उत्तरं अनेक आहेत. काही मनापासून झाले, काही सवलतींसाठी, काही धाकानं. देवळं पाडली गेली हे खरं आहे आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं हेही खरं आहे. पण एक गोष्ट बदलली नाही. धर्म बदलला, भाषा बदलली नाही. मरोळ, चकाला, गुंदवली, सहार इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत आजही जी बोली ऐकू येते ती मराठीचीच एक बोली आहे. लग्नातली गाणी मराठी, हळद आहे, ऑक्टोबरमध्ये नव्या भाताचा 'आगेरा' आहे. पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या समाजानं स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आम्ही वेगळे, इथलेच, हे इंग्रज साहेबाला कळावं म्हणून. पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या माणसाचं नाव ईस्ट इंडियन! नावं ठेवायचं काम कमिटीकडे दिलं की असंच होतं.

आता वादाचा मुद्दा. या चर्चचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मराठ्यांनी पाडलं असणार". म्हणणाऱ्याच्या आवाजात कधी अभिमान असतो, कधी राग.

मराठ्यांनी साष्टी घेतली हे बरोबर. १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या धामधुमीत काही चर्च पडली. वांद्र्याचं माऊंट मेरीचं जुनं देऊळ (हो, तिकडचे जुने लोक देऊळच म्हणतात) तेव्हाच गेलं. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, आणि नाना फडणवीसांच्या मेणवलीतली घंटाही. ('स्वदेस' पाहिलाय ना? त्यातलं गाव म्हणजे हेच मेणवली.)

पण कोंडिविट्याचं चर्च तेव्हा पडलं नाही. मराठ्यांचं राज्य इथे १७७४ पर्यंत होतं. मग इंग्रजांनी ठाणे घेतलं, १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी कायमची त्यांची झाली, आणि या सगळ्या उलथापालथीत चर्च चालूच होतं. रविवारी मिस्सा होत होता, बारसं-लग्न-मयत सगळं होत होतं. बांधल्यापासून २६१ वर्षं ते वापरात होतं. ते बंद पडलं १८४० मध्ये आणि कारण युद्ध नव्हतं, साथ होती. गावात रोगाची साथ आली, लोक गाव सोडून मरोळला सरकले, तिथे त्यांनी नवं चर्च केलं आणि जुनं मागे राहिलं. कोणी पाडलं नाही. नुसतं सोडलं.

आणि सोडलेली इमारत कोकणच्या पावसात किती दिवस टिकणार? इथे जरा तपशिलात जातो, कारण सांगाड्याकडे बघताना हेच कळायला हवं. या काळातल्या पोर्तुगीज चर्चमध्ये (वसईच्या किल्ल्यात हे नीट दिसतं) वेदीवरचा भाग दगडी कमानीनं झाकलेला असतो, पण लोक बसतात त्या लांबलचक दालनावर लाकडी वासे आणि कौलं. म्हणजे आपल्या कोकणातल्या घरासारखंच. असं छप्पर दरवर्षी मे महिन्यात शाकारावं लागतं. एक कौल फुटलं आणि बदललं नाही की पाणी वाशात जातं, वासा कुजतो, शेजारची दहा कौलं खाली येतात. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो. मग पाणी वरून भिंतीच्या पोटात शिरतं आणि दगडांमधला चुना हळूहळू धुऊन नेतं. त्या पोकळीत पक्षी पिंपळाचं बी टाकतात. पिंपळाला घाई नसते. मुळं जाड होत जातात आणि दगड सरकत जातात. म्हणजे तोफा लागत नाहीत, पन्नास-साठ मे महिने शाकारणी चुकली की पुरे. आमच्या धंद्यात मेंटेनन्सचं बजेट कापलेल्या सिस्टीमचं हेच होतं, पण ते असो.

पुढे १९६० नंतर इथे एमआयडीसी आली, भातशेती गेली, मग सीप्झचं कुंपण आलं आणि चर्च कुंपणाच्या आत पडलं. याचे दोन परिणाम झाले. पहिला चांगला. अंधेरी पूर्वेत मोकळी जमीन आणि पडकी भिंत एवढी वर्षं अशी राहिलीच नसती, ती राहिली ती सिक्युरिटीमुळे. दुसरा वाईट. ज्यांच्या पणज्यांची लग्नं इथे लागली त्यांना आत यायला परवानगी काढावी लागते. मरोळचे लोक वर्षातून एकदा, मे महिन्यात, इथे येऊन मिस्सा करतात. बाकीचे दिवस चर्च आपल्यासारख्या आयकार्डवाल्यांचं, ज्यांना ते कुणाचं हेही ठाऊक नाही.

म्हणूनच मग भुताच्या गोष्टी पिकतात. इंटरनेटवर 'मुंबईतल्या दहा झपाटलेल्या जागा' छापाची कुठलीही यादी उघडा, हे चर्च त्यात असणारच. नवरीचं भूत वगैरे. एकदा माणसांची नावं, तारखा आणि बोली काढून घेतली की इमारतीत भरायला भूतच उरतं.

माझ्या मते या चर्चवर नवीन छप्पर घालायच्या भानगडीत पडू नये. पुन्हा 'जसंच्या तसं' बांधलेल्या वास्तूत मला रस नाही, ती लग्नाच्या हॉलसारखी दिसायला लागते. झाडं मुळासकट काढायची, भिंतींचे माथे चुन्यानं बंद करायचे, पाण्याला वाट करून द्यायची, एक साधा मराठी फलक लावायचा आणि महिन्यातून एखादा रविवार गेट उघडं ठेवायचं. एवढंच. खर्च एखाद्या कंपनीच्या ॲन्युअल डेपेक्षा जास्त येऊ नये (हा माझा अंदाज, कोटेशन नव्हे).

आता कोंडिविटे हे नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. सीप्झपासून जवळच, महाकाली केव्हज रोडच्या टोकाला जी लेणी आहेत तीच कोंडिविट्याची लेणी. रस्त्याला नाव लेण्यांचं, पण रस्त्यावर राहणाऱ्या किती जणांनी ती पाहिली आहेत ते विचारू नका. एकूण १९ बौद्ध लेणी, साधारण इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून इ. स. च्या सहाव्या शतकापर्यंतची. दगड ठिसूळ, त्यामुळे कोरीवकाम बरंच झिजलंय. पण नऊ नंबरचं लेणं चुकवू नका. त्यात स्तूपाभोवती दगडातच कोरलेली एक गोल खोली आहे, तिला घुमटासारखं छत आणि भिंतीला जाळीच्या खिडक्या. गवताच्या गोल झोपडीची दगडातली नक्कल. अशी रचना पश्चिम भारतात फार दुर्मिळ आहे, तिचं जवळचं नातं थेट बिहारमधल्या बराबरच्या मौर्यकालीन लेण्यांशी लागतं. शिवाय तिथे ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे : एका ब्राह्मणानं आपल्या भावासह बौद्ध भिक्खूंना विहार दान दिल्याचा. आपण ज्याला 'आमचं' आणि 'त्यांचं' म्हणतो त्या रेषा तेव्हा कुठल्या कुठे होत्या बघा.

या रेषांचा सगळ्यात मोठा गुंता बघायचा तर मात्र बोरिवलीला जायला हवं. मंडपेश्वर.

लिंक रोडवरून आय. सी. कॉलनीच्या बाजूला वळलं की एका बुटक्या टेकडीत हे लेणं आहे. साधारण सहाव्या शतकातलं शैव लेणं, म्हणजे जोगेश्वरी आणि घारापुरीच्या मागेपुढे. खांबांचा मंडप, गाभारा, आणि बाजूच्या दालनात नटराज. झिजलेला आहे, पण भोवतीच्या देवगणांची गर्दी अजून ओळखू येते. सोळाव्या शतकाच्या मध्याला इथे फ्रान्सिस्कन पाद्री आले. त्यांचा म्होरक्या आंतोनियो दु पोर्तु. त्यानं लेण्याचंच चर्च केलं, मूर्ती भिंतीआड आणि गिलाव्याखाली झाकल्या, आणि वर टेकडीच्या माथ्यावर मठ आणि कॉलेज बांधलं. मंडपेश्वरचं पोर्तुगीज तोंडात 'मोनपसेर' झालं. (हाच पाद्री कान्हेरीच्या लेण्यांतला भुयारी रस्ता शोधायला दोर आणि शिधा घेऊन आत शिरला आणि सात दिवस चालूनही टोक सापडलं नाही, अशी कथा पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कूतो यानं लिहून ठेवली आहे. कान्हेरी पाहिलेल्यांनी ठरवावं किती खरं मानायचं ते.)

मग मराठे आले, लेणं परत लेणं झालं. मग इंग्रज आले, काही काळ परत प्रार्थना होऊ लागल्या. आज ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि गाभाऱ्यात पिंडीची पूजा चालते. महाशिवरात्रीला रांग लागते. आणि या सगळ्याचा शिक्का एका भिंतीवर शिल्लक आहे : मूळ शिल्प तासून त्या जागी कोरलेला एक मोठा क्रूस. लेण्याच्या वर गेलात तर मठाच्या छप्पर गेलेल्या भिंती. खाली शंकर, वर पडका मठ, पलीकडे आय. सी. कॉलनीतल्या चर्चची घंटा, आणि समोर पोरांचं क्रिकेट.

त्या क्रूसापाशी उभं राहून लोक काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. कुणी म्हणतं पुसून टाका, कुणी म्हणतं बघा काय केलं यांनी. मला विचाराल तर तो तसाच राहायला हवा, आणि तासलेलं शिल्पही तसंच दिसायला हवं. ज्यांनी तासलं त्यांनी वाईटच केलं. पण क्रूस पुसला तर शिल्प परत येणार नाही, फक्त काय झालं होतं त्याचा पुरावा जाईल. आणि ज्यांच्यावर राग काढायचा ते लिस्बनला परत जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली. मागे राहिलेल्या ईस्ट इंडियन शेजाऱ्यानं त्याची उत्तरं का द्यायची?

लेणी निदान कायद्यानं सुरक्षित आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. खरा धोका आहे तो गावठाणांना. मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ ची, देशातली या प्रकारची पहिली. पण तिच्या यादीचा भर बेटावरच्या शहरावर. उपनगरातली कौलारू घरं, बाहेरून चढणारा लाकडी जिना, ओटीवरचं कोरीव कठड्याचं काम, कोपऱ्यावरचा क्रूस (१८९६ च्या प्लेगमध्ये असे कितीतरी क्रूस नवसानं उभे राहिले) हे एकेकटं बघितलं तर 'ग्रेड वन' वगैरे काही नाही. त्यांची किंमत एकत्र असण्यात आहे. दहातली तीन घरं पाडून सहा मजली टॉवर झाले की उरलेल्या सातांना अर्थ राहत नाही. घरमालकालाही दोष देता येत नाही. पाच भावंडांत एक घर, शाकारायला माणूस मिळत नाही, आणि बिल्डर दारात फ्लॅट घेऊन उभा. हेरिटेजचा फलक लावून त्याच्या घराची किंमत गोठवायची आणि दुरुस्तीला छदाम द्यायचा नाही, हे मला न्याय्य वाटत नाही. गावठाण वाचवायचं तर दुरुस्तीचे पैसे आणि विकासहक्काची भरपाई दोन्ही हातात पडायला हवं, नुसत्या यादीनं काही होत नाही.

तर येत्या वीकेंडला मॉल नसला तरी चालेल असं वाटलं तर एक रूट देतो. मेट्रो ३ च्या आरे ते बीकेसी टप्प्यामुळे ऑक्टोबर २०२४ पासून सीप्झला आणि मरोळ नाक्याला स्टेशन झालंय, तेव्हा ट्रॅफिकचं कारण चालणार नाही. सकाळी लवकर महाकालीची लेणी, नऊ नंबर नीट बघायचं, टॉर्च न्यायचा. तिथून रिक्षानं मरोळ गावठाण, गाडी बाहेर ठेवून चालत. सेंट जॉन इव्हँजेलिस्टचं चर्च बघायचं, कोंडिविट्याहून उठून आलेल्यांचं हेच. एखाद्या ओटीवर म्हातारी आजी बसलेली असेल तर फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि मराठीतच विचारायचं.